आप्पांनी माझं नाव घेतलं

"उजवा हात वर करा," डॉक्टर म्हणाले. आप्पा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. "बरं, जीभ दाखवा." जीभ बाहेर आली आणि एका बाजूला घसरली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर एमआरआय उघडला आणि म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक आहे."

याचा अर्थ, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढचा मेंदूचा तुकडा रक्ताविना मरतो. आप्पांचा डावीकडचा मेला होता. बोलणं तिथंच असतं. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं," डॉक्टर म्हणाले, "पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. तुम्ही उशीर केलात."

उशीर मी केला नव्हता. सकाळी चहाची कपबशी हातातून निसटली तेव्हाच मी म्हटलं होतं, दवाखान्यात जाऊया. आप्पा म्हणाले, "मयताच्या घरी मांडव टाकायचाय. माणसं उन्हात बसल्यात." आणि गेले. खुर्च्या टेम्पोतून उतरवून झाल्यावर तिथंच कोसळले.

आप्पा म्हणजे माझे यजमान. सीमेवरच्या आमच्या वडगावात त्यांचा मांडव आणि भांड्यांचा धंदा. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे मांडव त्यांचाच. मयताच्या घरी मात्र भाडं घ्यायचे नाहीत. मग ते घर मराठी असो की कानडी. त्यांना अख्खं वडगाव आप्पा म्हणायचं, मुलगा झाल्यावर मीही म्हणायला लागले. मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, त्यांनी माझं घेतलं नाही. माझं नाव सखू. खानापुराकडच्या गुंजीची मी, माहेरी सगळे सखूच म्हणायचे. सासरी मला नाव उरलं नाही. "ऐकलीस काय" आणि "कुठं हाईस गं" यावर माझा सगळा संसार झाला. उखाण्यात काय ते त्यांचं नाव मी एकदा घेतलं. माझं नाव घ्यायची त्यांची पाळी आली तेव्हा हा माणूस हसून मांडवाची दोरी ताणायला उठून गेला होता, स्वतःच्या लग्नात.

तर आजाराचं सांगते.

आठवडाभर ते काहीच बोलले नाहीत. मग एका सकाळी नर्स औषध घेऊन आली आणि आप्पा स्वच्छ आवाजात म्हणाले, "बर्री, कूडरी." म्हणजे या, बसा. दुकानात आलेल्या कानडी गिऱ्हाइकाला ते असंच म्हणायचे. मी आनंदानं रडले. पुढं झाले, तर मलाही म्हणाले, "बर्री, कूडरी." बहुवचनात. जणू मी खुर्च्या ठरवायला आलेली कुणी बाई.

डॉक्टर म्हणाले, याला अफेजिया म्हणतात. शब्द डोक्यात असतात, पण वाट सापडत नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांत कधी एकच भाषा परत येते आणि कुठली येईल ते कुणाच्या हातात नसतं. आप्पांची दुकानातली परत आली. घरातली मेली.

भेटायला येणारे खूप. त्यांच्याविषयी मी चांगलं लिहावं अशी अपेक्षा असेल तर माफ करा. पेशंटच्या उशाशी उभं राहून "आप्पा, मी कोण सांगा बघू?" असं विचारणाऱ्याला बाहेर काढायचा हक्क नातेवाइकांना असायला हवा. परीक्षाच घ्यायचे. आप्पा डोळे ताणून बघायचे, घाम यायचा, आणि शेवटी तेच, "बर्री." मराठी शाळेच्या कमिटीतले एकजण, ज्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला आप्पांनी फुकट मांडव घातला, हसत म्हणाले, "काय आप्पा, पार्टी बदललासा व्हय?" सगळे हसले. आप्पाही हसले, कारण बाकीचे हसत होते. ते गृहस्थ परत आले नाहीत.

स्ट्रोकनंतर पुष्कळांना गिळता येत नाही. अन्न श्वासनलिकेत जातं. म्हणून नाकातून पोटापर्यंत एक नळी घालतात, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. पातळ पेज, दूध, डाळीचं पाणी मोठ्या सिरिंजनं त्यात सोडायचं. हे घरच्यांनाच शिकवतात. तुमच्यावर वेळ आली तर लक्षात ठेवा, पेशंटला टेकून बसवल्याशिवाय सोडायचं नाही, आणि नर्सनं सांगितलं त्याच्यावर एक थेंबही नाही.

मला हे सगळं सांगितलेलं होतं.

एके दिवशी मी पेज सोडत होते. आप्पांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "सकू."

मी सिरिंज तशीच धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शब्द जड यायचे त्यांचे, त्यामुळं 'ख' चा 'क' झाला असणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. "काय म्हणालासा?" मी विचारलं. "सकू," ते परत म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी.

त्या दिवसापासून मी वेडी झाले. पेज सोडायला लागले की ते नाव घ्यायचे, म्हणून मी पेज सोडायची. ठरलेली संपली तरी अजून अर्धी वाटी. मुलगा संतोष निपाणीहून यायचा, कॉलेजात शिकवतो तो, त्याला मी म्हटलं, "बघ, तुझा बाप सगळी भाषा विसरला, मला नाही विसरला." त्यानं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. आम्ही मायलेक ते परत परत ऐकायचो. नातेवाइकांना पाठवलं. माझ्या बहिणीनं गुंजीहून फोन केला आणि रडली.

मग आप्पांना एक मोठी उलटी झाली आणि पाठोपाठ ताप चढला. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, "ट्यूबच्या पेशंटमध्ये होतं असं. जास्त झालं होतं का फीडिंग?" मी नाही म्हणाले. ते चार्ट लिहायला लागले.

ताप उतरल्यावर स्पीच थेरपिस्ट आली. बोलणं आणि गिळणं परत शिकवणाऱ्या तज्ज्ञाला असं म्हणतात. तरुण मुलगी, धारवाडकडची. मी मोठ्या कौतुकानं तिला फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "माझं नाव घेतात," म्हटलं. तिनं ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि तिचा चेहरा पडला. "अम्मा," ती म्हणाली, "हे साकू म्हणालेत."

साकू म्हणजे पुरे. मला कानडी येत नाही असं नाही. इथं मराठी माणूसही पंगतीत पानावर हात आडवा धरून साकूच म्हणतो. आणि आप्पांची ख्याती हीच होती, की त्यांच्या पंगतीत साकू म्हणणाऱ्याला एक पळी जादा. स्वतः वाढायला उभे राहायचे. कुणी "साकू आप्पा, साकू" म्हणून ओरडलं की ते "साकू म्हंजे अजून एक" म्हणत पानात ओतून पुढं जायचे. लोक हसायचे. मीही हसायची.

तरी मी त्या पोरीशी भांडले. म्हटलं, तू आत्ता आलीस, तुला काय ठाऊक. तिनं वाद घातला नाही. पेजेची वाटी आप्पांच्या समोर धरून तिनं विचारलं, "आप्पा, बेका? साका?" हवं, की पुरे. आप्पांनी वाटी ढकलली. "साकू." तिनं वाटी दूर ठेवली आणि मला रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर उभं केलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, कितीतरी वेळ. मग गिऱ्हाइकाला द्यायचे तसं हसू आलं त्यांच्या अर्ध्या तोंडावर.

"बर्री," ते म्हणाले, "कूडरी."

मी बसले.

पुढं डॉक्टरांनी पीईजी ट्यूब सुचवली. म्हणजे पोटाला बाहेरून भोक पाडून थेट आत नळी. मेंदू आणखी सुधारेल का, असं विचारलं तर म्हणाले, "खोटं सांगणार नाही. फारसा नाही." संतोषला ती घालायचीच होती. मी म्हटलं, नको. नाकातली काढा, आम्ही घरी नेतो, चमच्यानं जाईल तेवढं जाईल.

"आणि न्हाय गेलं तर?" संतोष म्हणाला.

"ते साकू म्हणालेत."

"एका शब्दावर? ज्या माणसाला बायको कोण त्येबी कळंना, त्याच्या एका शब्दावर तू त्येला उपाशी मारणार?"

नळी न घालता घरी नेण्याच्या कागदावर मी सही केली. त्यानं केली नाही.

घरी चमच्यानं थोडी आंबील जायची, बरीचशी ओघळायची. मी भरवताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. साकू म्हणाले की चमचा खाली. न्यूमोनिया परत आला आणि त्यांना घेऊन गेला. अंगणात मांडव पडला, त्यांच्याच गोदामातला. सगळं वडगाव त्यांच्या खुर्च्यांवर बसून ते किती थोर होते ते बोललं. मला विचाराल तर थोर होतेच. फक्त त्यांच्या पंगतीत कुणाला पुरे म्हणता येत नव्हतं, आणि दुसऱ्याचं पुरे न ऐकणं आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

तुमच्या माणसावर ही वेळ आली तर माझ्यासारखं करू नका. त्याच्या तोंडून काय यावं असं तुम्हाला वाटतं, ते ऐकू येईल. तिसऱ्या माणसाला ऐकवा. त्या धारवाडच्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही, तिच्यावरचा रागही अजून गेलेला नाही.

तेराव्याच्या जेवणाला संतोष वाढत होता. बापासारखाच झपाट्यानं. साकू म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या पानात पळी रिकामी करत तो माझ्यापर्यंत आला. इतक्या दिवसांत माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. मी पानावर हात धरला.

"साकू," मी म्हटलं.

त्याची पळी थांबली. माझ्या हाताकडे बघत तो तसाच उभा राहिला, बादली हातात. मग पळीतलं सगळं त्यानं परत बादलीत ओतलं आणि पुढच्या पानाकडे गेला.