साहेब खांद्यावर, वाक्य घशात

गंगावेशीत एकदा म्हैस उधळली होती. हंबीररावांनी तिला एका हाताने शिंग धरून उभं केलं आणि दुसऱ्या हातातल्या किटलीतलं दूध सांडू दिलं नाही. एकशे आठ किलो वजन, तालमीत मोडलेले दोन्ही कान, मांडी म्हणजे जोतिबाच्या पायरीएवढी. असा माणूस घाबरतो कसा, हे बघायची कोल्हापूरला फार इच्छा होती. यंदा उन्हाळ्यात ती पुरी झाली.

हंबीरराव एका शाळेत सव्वीस वर्षं खेळाचे शिक्षक. शाळेनं ठरवलं, जूनपासून सगळं इंग्रजीत. गणित असो, चित्रकला असो, कवायत असो, प्रत्येक शिक्षकानं समितीसमोर दहा मिनिटांचा पाठ इंग्रजीत घ्यायचा. मध्ये मराठीचा एक शब्द आला की नापास. नापास झाला की बदली, संस्थेच्या चंदगडच्या शाळेत.

हंबीररावांना चंदगडच्या पावसाची भीती नव्हती. भीती होती तालमीची. रोज पहाटे पाचला त्यांच्या तालमीत अठरा पैलवान उतरत. फी नाही, काही नाही. वस्ताद चंदगडला गेले की तालमीला कुलूप, आणि मग ती जागा कुणाच्या तरी मोटारी लावायला जाणार, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

शिकवायला होत्या संयोगिता मॅडम, शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिका आणि हंबीररावांच्याच जुन्या विद्यार्थिनी. कधीकाळी उशीर झाला म्हणून तिला मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावणारे हंबीरराव आता त्यांच्यासमोर हाताची घडी घालून बसत.

"सर, सोपं आहे की. आधी काय करायचं ते. मग कुणाला किंवा कशाला. मग कुठं. पुट, इट, ऑन द टेबल."

"पुट... ऑन द टेबल," हंबीरराव म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"इट कुठं गेला, सर?"

"भिऊन पळाला असंल, मॅडम."

आठ दिवस हेच. घरी जेवताना ते भाकरीकडं बघून ओठ हलवत. भाकरी गार होई. तांबडा रस्सा समोर आणि हंबीरराव गप्प, हे बघून बायकोनं दृष्ट काढली. वजन तीन किलोनं घटलं.

शेवटी उपाय काढला फक्रुद्दीननं. हा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. लहानपणी दोघं एकाच मातीत लोळलेले.

"मर्दा, टेबलाला भ्यालास व्हय?" तो म्हणाला. "टेबल काय तुझ्या ओळखीचं न्हाय. त्यो इट बी न्हाय. मी हाय की! माझ्या अंगावर शिक."

मग तालमीत संयोगिता मॅडम कडेला खुर्ची टाकून बसल्या आणि मातीत इंग्रजी सुरू झालं. डाव ठरला कलाजंग. समोरच्याला आडवा खांद्यावर घ्यायचा आणि पाठीवर टाकायचा. कॅच हिम बाय द रिस्ट. पुल हिम टुवर्ड्स यू. लिफ्ट हिम ऑन युवर शोल्डर. थ्रो हिम ऑन हिज बॅक. चार वाक्यं, चार हालचाली. हंबीररावांच्या जिभेला जे आठ दिवसांत कळलं नव्हतं, ते हातांना एका सकाळीत कळलं.

"वाक्यं तुझी पाठ व्हायलीत," अकराव्यांदा आपटल्यावर फक्रुद्दीन झोपूनच म्हणाला, "आणि हाडं माझी मोजायला याय लागलीत."

पाठाचा दिवस उजाडला. शाळेच्या हॉलमध्ये मॅट अंथरलेली, समोर सहावीची मुलं, बाजूला समितीचे तिघं. त्यात एक पुण्याचे साहेब. किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. आणि ऐन वेळी मुख्याध्यापकांनी 'हिम' म्हणून उभं राहणाऱ्या फक्रुद्दीनला समितीचं जेवण आणायला पाठवलं!

हंबीरराव मॅटवर एकटे. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. मुलं बघताहेत, समिती बघते आहे, संयोगिता मॅडमनी डोळे मिटून घेतलेले. हंबीररावांना समोर हॉल दिसतच नव्हता. कुलूप दिसत होतं.

पुण्याचे साहेब भले गृहस्थ. त्यांना दया आली. ते उठले, बूट घालूनच मॅटवर आले, "आय विल हेल्प यू, सर," म्हणाले आणि हस्तांदोलनासाठी हात पुढं केला.

पुण्यात हात मिळवला की ओळख होते. आमच्या मातीत हात मिळवला की कुस्ती लागते. त्या सलामीनंतर समोर भाऊ असो नाहीतर जावई, तो फक्त जोडीदार. हंबीररावांचं डोकं भीतीनं केव्हाच रिकामं झालं होतं. हात मात्र पस्तीस वर्षं हेच करत आलेले.

"कॅच हिम बाय द रिस्ट!" हंबीरराव गरजले. मनगट गेलं. मुलं सवयीप्रमाणे एका सुरात म्हणाली, "कॅच हिम बाय द रिस्ट!"

"पुल हिम टुवर्ड्स यू!" साहेब गेले.

"लिफ्ट हिम ऑन युवर शोल्डर!" साहेब आडवे वर. पेनं खाली. एक बूटही खाली.

मुलांनी तिसरं वाक्य म्हटलं आणि चौथ्याची वाट बघू लागली. "थ्रो हिम" एवढं ओठांवर आलं आणि खांद्यावरून बारीक आवाज आला, "अहो... अहो... पाहा हं..."

तेव्हा हंबीररावांना कळलं की वर कोण आहे.

टाकलं तर साहेब संपले. मराठीत माफी मागितली तर तालीम संपली. आणि पाचवं वाक्य पाठच नव्हतं! ज्या मांड्या म्हशीपुढं हलल्या नव्हत्या त्या थरथरू लागल्या. घामाचा थेंब नाकावरून मॅटवर पडला. नजर भिंतीवर गेली, कपाटावर गेली, खिडकीवर गेली आणि एका ठिकाणी थांबली.

"पुट..." ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "पुट... हिम... ऑन द चेअर."

"पुट हिम ऑन द चेअर!" मुलं ओरडली. हंबीररावांनी साहेबांना तान्ह्या मुलासारखं खुर्चीत ठेवलं. पण आता थांबायची भीती वाटत होती. थांबलं की कुणीतरी काहीतरी बोलणार. "टेक इट फ्रॉम द मॅट," म्हणत त्यांनी बूट उचलला. गुडघ्यावर बसले. "पुट इट ऑन हिज फूट." नाडीही बांधली, इंग्रजी न बोलता.

साहेब दोन ग्लास पाणी प्याले आणि बराच वेळ लिहीत बसले. हंबीरराव बाहेर व्हरांड्यात खांब धरून उभे. अर्ध्या तासानं संयोगिता मॅडम कागद घेऊन आल्या.

"सर, पास! चंदगड टळलं."

हंबीररावांनी खांब सोडला.

"आणि साहेबांनी लिहिलंय, असं इंग्रजी त्यांनी कुठं पाहिलं नाही. वाक्य मुलांच्या अंगात उतरतं म्हणे. जूनपासून पाचवीचं इंग्रजी तुमच्याकडं. आठवड्याला सहा तास."

हंबीररावांनी परत खांब धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अठरा पैलवान लंगोट कसून मातीत उभे होते. वस्ताद दिव्याखाली पाचवीचं पुस्तक मांडीवर घेऊन, पहिल्या ओळीवर बोट ठेवून घामाघूम झालेले.

"वस्ताद, लागू का जोर-बैठकांना?" एकानं भीतभीत विचारलं.

"थांब की रं जरा," हंबीरराव मान वर न करता म्हणाले. "पान उलटतंय काय बघू."