केसांचा पडदा

चिनी कलावंताने दालनभर माणसांच्या केसांचा पडदा टांगला होता. एवढा मोठा, की त्यापायी अर्ध्या आशियाला टक्कल पडलं असावं. त्यात केसांचीच अक्षरं विणलेली, म्हणे कुठल्याच भाषेतली नाहीत. कुणालाच न वाचता येणाऱ्या भाषेत थापा मारणं फार सोयीचं. आमच्याकडे दारावर भांडी घेऊन येणाऱ्या बाईला गुंतवळ दिलं तर निदान वाटी तरी मिळते.

किमोनंतर माझ्या बायकोचे केस अजून उगवले नव्हते. डोक्यावरचा रुमाल सावरत तिने पडद्यावरून हात फिरवला.

"मॅडम, हात नका लावू," रखवालदार म्हणाला.

"कुणाचे हो हे?"

"आर्टिस्टचे."

भिंतीवरच्या फोटोत कलावंताची वेणी कमरेपर्यंत लोंबत होती.

"त्याचे तर त्याच्याच डोक्यावर आहेत की," ती म्हणाली.