टिकलीखालचा दिवा

माझ्या पप्पांनी बत्तीस वर्षं मुंबईत बस चालवली आणि या बत्तीस वर्षांत एकदाही बसला दोष दिला नाही. गिअर अडला तर ‘माझा क्लच अर्धवट दाबला गेला.’ बस धक्का खाऊन थांबली तर ‘पाय चुकला.’ त्यांना तयार करणाऱ्या उस्तादांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती : आधी स्वतःला तपासायचं, मग गाडीला. उठसूट गाडीची तक्रार करणाऱ्या ड्रायव्हरला पप्पा एकच म्हण ऐकवायचे, नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हण डेपोतून घरीही आली. पेपर कठीण होता असं सांगायची सोय मला शाळेत असताना कधीच नव्हती.

त्यांच्या भाषेत ‘पाय’ म्हणजे ब्रेक मारायची कला. “त्याला पाय आहे,” असं ते एखाद्या ड्रायव्हरबद्दल म्हणाले की समजायचं, याहून मोठं कौतुक नाही. बस थांबताना उभ्या माणसाला दांडी सोडून रुमालाने तोंड पुसता आलं पाहिजे, ही त्यांची साधी कसोटी. वरची कसोटी म्हणजे झोपलेला पॅसेंजर. भर गर्दीत, सिग्नलमागून सिग्नल घेत माणूस झोपून राहिला, की तेच ड्रायव्हरचं मेडल. दुसरं मेडल त्यांना कुणी दिलं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक छोटी, पांढरी, सेकंडहँड गाडी घेतली. मला वाटलं, हौस. पण कारण आई होती. “लग्न झाल्यापासून मी यांची नुसती पाठ बघितलीय,” असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. ती त्यांच्या बसमधून कितीदा तरी गेली, पण ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बायकोला जागा नसते. आता दर रविवारी ती पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, डॅशबोर्डवरच्या बुद्धाच्या इवल्या मूर्तीसारखीच शांत बसायची, आणि दोघं गिरगावात मावशीकडे जायची. भायखळा येईपर्यंत ती झोपलेली असायची. पप्पा तिला चिडवायचे, “काय उपयोग पुढे बसवून?” पण गाडी अशी चालवायचे की तिची मान हलू नये.

करी रोडला आमची चाळ पाडून टॉवर झाला. घर वर गेलं, पण गाडी वरखाली करणारी पार्किंगची मशीन पहिल्या महिन्यात जी बंद पडली ती पडलीच. मग पप्पांच्या जुन्या कंडक्टरने जागा दिली. तो आता रे रोडला लोखंडाच्या एका गोदामावर वॉचमन आहे. तिथल्या भिंतीला लागून आमची गाडी उभी राहू लागली. दर रविवारी पप्पा गाडी आणायला आधी बस पकडायचे. मी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली आहे.

मागच्या वर्षी एका रविवारी रात्री मी मुलुंडहून जेवायला गेले होते. भाकरीचा तुकडा मोडता मोडता पप्पा म्हणाले, “गाडी काढून टाकतोय. पुढच्या रविवारी एक जण बघायला येणार आहे.”

“का?”

“वय झालं.”

खरं सांगते, मी सुटकेचा निःश्वास टाकला. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस मुंबईत गाडी चालवतो म्हणजे मुलीच्या जिवाला घोर. मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. आईने कुणी न मागितलेली भाकरी माझ्या ताटात वाढली आणि आत निघून गेली. त्या भाकरीवरून तरी मला काहीतरी कळायला हवं होतं. उलट मी उत्साहाने म्हणाले, “शनिवारी मीच गाडी धुऊन, गॅरेजला दाखवून आणते. गिऱ्हाइकासमोर नीट दिसायला हवी.”

शनिवारी सकाळी रे रोडला गेले. गोदामात कटिंगचा कर्कश आवाज चालू होता, ठिणग्या उडत होत्या, आणि गाडीच्या काचेवर बोट फिरवलं तर काळं होत होतं. आत बसून चावी फिरवली. मीटरवरचे दिवे लागले, विझले, आणि मग मला दिसलं, की स्पीडच्या काट्याखाली काचेवर एक टिकली चिकटवलेली आहे. मरून रंगाची, मोठी, आईचीच. तिच्या कडेने नारिंगी उजेड डोकावत होता. मी नखाने ती उचलली. खाली एक दिवा जळत होता : गोल, आणि गोलात एबीएस अशी इंग्रजी अक्षरं.

मी तिथूनच आईला फोन लावला. “आई, मीटरवर तुझी टिकली काय करतेय?”

ती म्हणाली, “काढलीस? परत लाव.”

“अगं, ब्रेकचा दिवा आहे तो!”

“असेल. तो लागला ना, की हे गप्प होतात. गिरगाव येईपर्यंत एक शब्द नाही. म्हणून लावली.”

“आणि पप्पांना टिकली दिसली नाही?”

“दिसली असणार की. ते काही बोलले नाहीत. मग मी पण नाही बोलले.”

माझा पारा असा चढला! दोन शहाणीसुरती माणसं, ब्रेकच्या दिव्यावर टिकली लावून दर रविवारी गिरगावला जातात! मी टिकली आरशाच्या कडेला चिकटवली, तशीच करी रोडला गेले आणि पप्पांना खाली बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. रस्ताभर मी त्यांना झापत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. “ब्रेक लागतोय ना? मग दिव्याचं काय घेऊन बसलीस.”

गॅरेजमधला मेकॅनिक पन्नाशीचा, नाकावर चष्मा, बोलणं तोलूनमापून. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि हातातल्या मशीनवर वाचून म्हणाला, “पुढचं डावं चाक. सेन्सरचा सिग्नल बरोबर येत नाय. दिवा मी आता घालवतो, ताई, पण नुसता घालवून काय फायदा नाय. चालवून बघायला लागेल.”

तो गाडी चालवायला बसला. मी बाजूला, मशीन मांडीवर. पप्पा मागे. मशीनवर चार चाकांचे चार वेग दिसत होते. “चारी आकडे सारखे पाहिजेत,” तो म्हणाला. “डाव्यावर नजर ठेवा.” गोदामांमधल्या मोकळ्या रस्त्यावर चारी आकडे गुण्यागोविंदाने चढले. वीस, पंचवीस. मग त्याने हळूहळू ब्रेक दाबला. पंधरा, बारा, दहा. तीन आकडे दहावर आणि चौथा दोन, शून्य, नऊ असा उड्या मारायला लागला. त्याच क्षणी खालून गुर्र्र असा आवाज आला.

“आयला,” मेकॅनिक म्हणाला, “पाय थरथरला बघा.”

मागून पप्पांचा आवाज आला. “काय म्हणालास?”

“पाय, काका. पेडल खालून मारतंय.”

“तुझा पण?”

मी वळून पाहिलं. पप्पा पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून पुढे झुकले होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मग एकेक बाहेर आलं. तीन महिने झाले होते. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या दोन हातांवर, त्यांचा उजवा पाय थरथरायचा. दिवा तर नंतर लागायला लागला. तो लागला की त्यांना वाटायचं, आता गाडीलाही कळलं. पायाबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी टेबलाखाली पाय रोखून बघायचे, तर स्थिर. रोज पहाटे बाल्कनीत उजव्या पायावर उभे राहायचे, शंभर अंक होईपर्यंत. हे मला आईने फोनवर सांगितलं होतं, आणि मी म्हणाले होते, “योगीबाबा झाले वाटतं आपले पप्पा!” आम्ही दोघी हसलो होतो.

“डॉक्टरकडे का नाही गेलात?” मी विचारलं. आवाज चढलेलाच होता, पण आता राग माझा मलाच येत होता.

“त्याने आजाराचं नाव सांगितलं असतं,” पप्पा म्हणाले. “मग सगळे त्या नावालाच भेटायला आले असते.”

मेकॅनिकने गाडी बाजूला घेतली आणि शाळेतल्या सरांसारखं समजावलं. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक फिरतंय की अडलंय, ते तो सांगतो. डावा सेन्सर खोटं बोलत होता. चाक फिरत असताना ‘अडलं, घसरतंय’ असं सांगायचा. मग गाडी आपणहून ब्रेक सोड-पकड, सोड-पकड करायची, आणि ते सगळं पेडलमधून पायाला जाणवायचं. “जास्त गडबड झाली की सिस्टम स्वतःला बंद करून दिवा लावते. दिवा आहे तोपर्यंत थरथर नाय. गाडी बंद करून परत चालू केली की कधीतरी परत सुरू.”

“उतर,” पप्पा त्याला म्हणाले. “मला बसू दे.”

त्यांनी गाडी स्वतः चालवली. वेग घेतला, हळूहळू पाय दाबला, आणि गुर्र्र झालं. “हा. हाच,” ते म्हणाले. परत एकदा केलं. आणखी एकदा करणार, तेवढ्यात दिवा लागला आणि थरथर बंद झाली. गाडीतला बिघाड अनुभवून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गॅरेजमध्ये परत येऊन मेकॅनिकने चाक उतरवलं, आतून बोटाएवढी एक वस्तू काढली आणि आमच्यासमोर धरली. तिच्या टोकाला काळी दाढी आली होती. शाळेत वाळूतून चुंबक फिरवल्यावर यायची तशीच.

“लोखंडाचा भुसा,” तो म्हणाला. “ह्याच्यात चुंबक आहे ना. गाडी कुठे लावता?”

“दोस्ताच्या गोदामात.”

“ग्राइंडिंग चालतं तिथे?”

“दिवसभर.”

“मग! काका, तुमची गाडी दिवसभर लोखंड खाते.”

त्याने फडक्याने ती दाढी पुसली, सेन्सरसमोरच्या दातेरी रिंगमधला भुसा ब्रशने झाडला, रिंगला चीर नाही ना हे बॅटरी लावून पाहिलं, वायर तपासली आणि सगळं जागच्या जागी बसवलं. मशीनने जुनी नोंद पुसली. परत चक्कर मारली, तर चारी आकडे हातात हात घालून शून्यावर आले. पेडल गप्प. चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागला आणि विझला. “असाच विझला पाहिजे,” मेकॅनिक म्हणाला. “आणि जागा बदला.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “पप्पा, अंगणच वाकडं होतं.”

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. भुशाने काळं झालेलं फडकं त्यांनी मेकॅनिककडून मागून घेतलं होतं, त्याची घडी घालत होते. “दोस्ताला दाखवतो,” म्हणाले.

“पण एवढ्यावरून गाडी विकायला निघालात? पायाबद्दल मला एका शब्दाने तरी बोलायचं.”

“पायावरून नाही निघालो.” घडी खिशात गेली. “पाय थरथरला तर थरथरला, मी सांभाळून घेतलं असतं. पण गेल्या महिन्यापासून तुझी आई दारावरचं हँडल धरून बसायला लागली. झोपायची बंद झाली.”

आईला वाटत होतं, ते दिव्यामुळे गप्प होतात. ते गप्प व्हायचे तिच्या हाताकडे बघून. आणि ती हँडल धरायची ते गप्प झाले म्हणून. या सगळ्यात मी कुठे होते? मुलुंडला, ‘पप्पांचं वय झालं’ या वाक्यावर खूश. मला स्वतःची लाज वाटली.

गिऱ्हाइकाला पप्पांनी रात्रीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गिरगावला निघाले, मागच्या सीटवर. सेन्सर, चुंबक, भुसा हे सगळं आईला सांगून झालं होतं. “बरं झालं,” एवढंच ती म्हणाली होती. पण गाडीत बसल्या बसल्या तिचा डावा हात सवयीने वर गेला आणि हँडलवर बसला. पप्पांनी पाहिलं. मी पाहिलं. सांगून हात खाली येत नाही, हे बसवाल्या माणसाला मी काय सांगणार?

पहिला सिग्नल. गाडी थांबली, पण थांबली कधी ते कळलं नाही. दुसरा सिग्नल. हात वरच. चिंचपोकळीला समोर एक टेम्पो अचानक आडवा आला. पप्पांनी पाय असा टाकला की बुद्धाची मूर्तीसुद्धा हलली नाही. “आंधळा आहे काय रे!” पप्पा खिडकीतून ओरडले, आणि मग तीन महिन्यांत न बोललेलं सगळं बोलायला लागले. टेम्पोवाल्यांबद्दल, खोदलेल्या रस्त्याबद्दल, मावशी चहात साखर कमी घालते त्याबद्दल. आई हूं हूं करत होती. मग तिचा हात खाली आला, पर्समधून रुमाल काढून तिने तोंड पुसलं, आणि तो हात तसाच मांडीवर राहिला.

भायखळ्याला तिची मान कलली. पप्पांनी बोलणं बंद केलं, हॉर्न बंद केला. मला आरशातून त्यांचे डोळे दिसत होते आणि आरशाच्या कडेला ती टिकली. मावशीची गल्ली आली. पप्पांनी गाडी हळू केली, आईकडे पाहिलं आणि तशीच पुढे चौपाटीकडे काढली.

“पप्पा, गल्ली गेली.”

“हळू बोल,” ते म्हणाले. “मावशीला मेसेज टाक, थोडा उशीर होईल म्हणून.”