सायरन आणि अरुंद चौकट

सुनंदाताईंनी पुन्हा एंटर दाबलं. मी नदीतला फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर चढणारा तरंगता गोळा, हाताने धोक्याच्या खुणेपर्यंत उचलला. सायरन गप्प.

पोलादपूरच्या पुढच्या त्या वाडीत पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की वाजणारा सायरन आमच्या कंपनीने बसवला होता. पातळी कॉम्प्युटरवर टाकायची. ती कशी टाकायची हे सांगणारं मॅन्युअल माझं, आणि टाकणार होत्या ग्रामपंचायतीतल्या सुनंदाताई. पावसाळा तोंडावर आला होता.

"ताई, नीट टाइप केलंत ना?" मी काठावर येऊन विचारलं.

"छापलंय तसंच टाकलंय मॅडम. एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

मी मॅन्युअलचं पान पाहिलं आणि चूक माझीच निघाली. कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, सलग एका ओळीत हवी. पण आमच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कंपनीच्या ठरलेल्या साच्यात, कमांड छापायची चौकट अरुंद. कमांड मावली नाही, म्हणून उरलेली खालच्या ओळीत गेली. ताईंनी ओळ संपली तिथे एंटर दाबलं. कॉम्प्युटरने अर्धाच हुकूम घेतला आणि कारखान्यातून आलेली पातळी तशीच ठेवली. ती पुलाच्याही वर होती. घरं बुडाल्यावर सायरन वाजला असता. मला खरंच भीती वाटली.

पुण्याला कंपनीतल्या माझ्या सरांना फोन लावला.

"सर, चौकट रुंद करा."

"टेम्प्लेटला हात लागणार नाही. सगळी मॅन्युअल्स त्यातच आहेत."

"फॉन्ट लहान?"

"तोही ठरलेला."

"मग कमांडच आखूड करून द्या."

"सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डेव्हलपरला विचारतो."

डेव्हलपर कुरकुरला, पण आठवड्याभरात नवी कमांड आली. एकच शब्द, बाकीचं कॉम्प्युटर एकेक करून विचारतो. साचा हलेना म्हणून सॉफ्टवेअर हललं.

पुन्हा वाडीत गेले. ताईंनी पातळी टाकली, मी फ्लोट उचलला. सायरन असा वाजला की मीच दचकले. वर आले तर सगळी वाडी देवळाच्या चढाला लागलेली. म्हातारी माणसं, शेळ्या, एकाच्या डोक्यावर टीव्ही.

"ताई, आज टेस्ट आहे हे कुणाला सांगितलं नाही?"

"पानावर कुठं लिवलंय?"

खरंच नव्हतं. मी ओशाळले. ताई मात्र देवळाकडे बघत होत्या. "सगळी पोचली मॅडम. काठी टेकत चालनारे धोंडूबाबा पन. आता पावसाची काळजी नाय."

मॅन्युअलमध्ये मी एक ओळ वाढवली: टेस्टआधी गावाला कळवा. आणि एक धडा घेतला. मॅन्युअल लिहिणाऱ्याने एकदा तरी वाचणाऱ्याच्या शेजारी बसावं, आणि तोंड बंद ठेवावं.