मिस्त्रीबाबांचा हात

मिस्त्रीबाबा लाकूड आधी हुंगत आणि मग बघत. कुणी मोडकी खुर्ची दाखवायला बोलावलं की चष्मा खिशातच ठेवून ते गुडघ्यावर बसायचे आणि नाक थेट लाकडाला लावायचे. घरातल्या बायका हसू लागल्या की म्हणायचे, "हसा, हसा. डोये फसतात मानसाचे. नाक नाई फसत."

त्या नाकाला मी फसवलं. म्हणजे नाक फसलं नव्हतंच. त्यांनी नाकापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला, एवढंच.

मी कोकणातला. आठवीत शाळा सोडली. कापसाच्या जिनिंगच्या मशिनी बसवणाऱ्या टोळीबरोबर खामगावला आलो आणि तिथंच कामाला लागलो. राहायला जागा मिळेना. एकटा पोरगा, त्यात परमुलखातला, म्हणून तीन घरांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं वरची खोली दिली. सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची. खोलीत त्यांचं सागवानी टेबल होतं. त्यावर त्यांनी नोकरीभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. "वापर, पन जपून वापर बापा," एवढंच म्हणाल्या. शाळा सोडलेल्या माणसाला शिक्षकाची भीती जन्मभर वाटते. त्या जिन्यावरून वर आल्या तरी मी उठून उभा राहायचो.

एका सकाळी टेबलावर चादर पसरून मी शर्टाला इस्त्री करत होतो. खाली नळाला पाणी आलं म्हणून कुणीतरी ओरडलं. मी इस्त्री उभी ठेवून बादली घेऊन धावलो. परत येऊन बघतो तर इस्त्री कलंडलेली, चादरीला भोक पडलेलं आणि टेबलावर होडीच्या आकाराचा काळा डाग.

बाई तेव्हा मलकापूरला लेकीकडे गेल्या होत्या. त्या येण्याआधी डाग घालवायचा म्हणून मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडे घराच्या वाशांना, होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात. त्यानं लाकूड टिकतं, चमकतं. टाचांच्या भेगांसाठी आईनं त्याचीच एक बाटली बरोबर दिली होती. मी डाग ब्लेडनं खरवडला आणि ते तेल दोनदा चोपडलं. पॉलिश केलेलं टेबल म्हणजे होडी नव्हे, हे दुसऱ्या दिवशी कळलं. डाग दुप्पट पसरला होता, चिकट झाला होता आणि माझ्या बोटांना फोड आले होते. मग रॉकेलनं पुसलं, साबणानं घासलं, तेव्हा वरचा चिकटा गेला, डाग राहिला.

बाई आल्यावर इस्त्रीचं सांगितलं, तेलाचं नाही. इस्त्री कलंडणं हा अपघात होता, कुणाच्याही हातून होतो. तेल हा माझा अडाणीपणा होता. तो कळला तर बाई खोली सोडायला सांगतील, असं मनानं घेतलं. बाई रागावल्या, पण म्हणाल्या, "मिस्त्रीले बोलाव."

बाबा आले, वाकले, हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"वास येगळा येऊन राह्यला. तेल-गिल लावलं का रे?"

"नाही."

"खरं सांग बापू. तेलावर सरस चिकटत नाई."

"नाही लावलं, बाबा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "तू म्हनतं त नसंन लावलं," म्हणाले आणि पिशवीतून पटाशी काढली. तेवढ्यात माझी बोटं दिसली. "हे काय झालं?"

"तव्यावर भाजलं."

"खोबरेल लाव. एकटा राह्यतं, कोन पाह्यते तुले," असं म्हणून त्यांनी खालून बाईंकडून वाटीत खोबरेल मागवलं आणि मी बोटांना लावेपर्यंत कामाला हात घातला नाही.

जळालेला भाग कोरून त्यांनी जुन्या सागवानाचा तुकडा तिथं बसवला. रेषेला रेष अशी जुळवली की बोट फिरवूनही जोड लागेना. मग टेबल उलटं केलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाशी ते पेन्सिलीनं लिहून ठेवत की काय मोडलं आणि काय केलं. "माह्या मांगून जो मिस्त्री येईन, त्याले समजाले पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. मला विचारून त्यांनी लिहिलं, 'इस्त्रीचा डाग. टुकडा बसवला.' माझं खोटं त्यांच्या वळणदार अक्षरात उमटलं.

पावसाळ्यात तुकडा उचलला गेला. कडेनं काळा चिकटा वर आला. बाईंनी बाबांना पुन्हा बोलावलं. तेव्हा शेजारच्या वहिनीही आल्या होत्या. त्यांचा दिवाण बाबांकडे दुरुस्तीला जायचा होता.

"मिस्त्री, हे काय हो?" बाई म्हणाल्या. "तुमचा हात गेला आता."

बाबा वाकले, हुंगलं. मान वर केली ती माझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांना सगळं कळलं हे मला कळलं. आता हे बोलतील आणि माझी खोली जाईल, असं वाटलं.

"हाव बाई," ते म्हणाले. "मीच घाई केली."

वहिनी हसल्या. "मंग आमचा दिवाण राहू द्या बाबा. दुसऱ्याले देतो."

आणि मी काहीच बोललो नाही. एक शब्द नाही.

बाबांनी तुकडा काढला. तेल शोषून घ्यायला आठवडाभर त्यावर खडूची पूड पसरून ठेवली आणि मग मोठा तुकडा बसवला. तो आजही हललेला नाही. पण 'मिस्त्रीचा हात गेला' हे गल्लीत पसरलं, गल्लीतून बाजारात गेलं. माझ्या कामाच्या वाटेवरच्या त्यांच्या दुकानासमोर दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांची रांग असायची, ती कमी होत गेली. मी कामावर जाताना वाट बदलली. दिवाळीच्या सुमारास कळलं की दुकान बंद करून बाबा पिंपळगाव राजाला लेकीकडे गेले.

त्यानंतर एकदा बाई कुणाला तरी सांगत होत्या, "चांगले व्हते मिस्त्री, पन वय झालं." मी जिन्यावर होतो. पुढची पायरी उतरवेना. तिथंच उभा राहून सगळं सांगून टाकलं, तेलासकट.

बाई जिन्याच्या पायथ्याशी आल्या. मग म्हणाल्या, "म्या त्याहीले चारचौघात बोलली, अन् तू गुमान उभा व्हता? मले काय सांगतं आता? त्याहीले जाऊन सांग."

मी बसनं गेलो. बाबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी पाय धरले तर पाय मागे घेतले. "टुकडा उचलला, मले त्याच दिवशी समजलं व्हतं," म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुही खोली गेली असती ना बे. परक्या गावात कुठी गेला असता? मले काय, घर व्हतं."

"बाबा, खामगावला चला. मी सगळ्यांना सांगतो. दुकान पुन्हा उघडू."

ते हसले. "कायनं करू काम? पटाश्या, रंधे, सगये देऊन टाकले एकाले. चांगला पोरगा हाय थो. वापरते." मग शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "खाय. भुका असशीन."

परत आलो तेव्हा सामान बांधायच्या तयारीनंच आलो होतो. बाई दारात उभ्या होत्या. विचारलं, "भेटले?" मी हो म्हटलं.

"भाजी झाकून ठेवली वर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोली सोड असं त्या त्या दिवशी म्हणाल्या नाहीत, नंतरही कधी म्हणाल्या नाहीत. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी म्हणाल्या नसत्या. मी अजून तिथंच राहतो.