वांग्याची दोन पातेली

बायकोसोबत मी शेवटचं काम केलं ते बोरगावच्या शेतात, वांगी चिरायचं. माझ्या पातेल्याची चिरून झाल्यावर ती उठली अन् माझ्या दोस्ताचीही चिरून दिली. तिथंच माझं डोकं फिरलं.

शेतात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे म्हटलं की आमच्यात गडी रांधतात अन् बाया बसून खातात. आमच्या पंगतीला भाजीची पातेली दोन असायची. एक माझं, एक त्याचं. वांगी एकाच वाफ्यातली, तरी चूल वेगळी. खाणारे पंधरा असले तरी निकाल माझ्या बायकोचा. इतक्या वर्षांत दर पंगतीला ती माझी भाजी एकदाच घ्यायची अन् त्याची दोनदा.

त्या रविवारीही मी विचारलं, "कशी झाली?"

"बरी हाये."

"अन् त्याची?"

तोंडात घास होता. तिनं नुसतं ताट त्याच्या पातेल्याकडं सरकवलं.

अकोल्यापर्यंत गाडीवर मी तोंड उघडलं नाही. "हळू चालवा" म्हणाली, तर मुद्दाम खड्ड्यातून नेली. घरी येऊन ती आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी विचारलं काय, तर "त्याच्या भाजीनं तर नाही ना?" खरंच विचारलं. खोटं कशाला लिहू.

अमरावतीहून लेक आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मोक्षधामात दोस्त माझ्यापेक्षा मोठ्यानं रडला. लोक त्यालाच धरायला धावले. एकानं त्याला पाणी पाजलं अन् मला म्हणाला, "यांना सांभाळा जरा."

मेल्या घरी चूल पेटत नाही, पहिला कडू घास बाहेरून येतो. तोही त्यानंच आणला. भाकरी अन् दुपारची उरलेली भाजी. त्याची! बाकीच्यांनी नावाला घास घेतला. मी भाजी दोनदा मागून घेतली. लेक पाहतच राहिली.

"आता तरी सांग," मी म्हटलं, "काय टाकतो यात?"

तो खाली पाहून म्हणाला, "वहिनी मसाला कुटून देत होत्या. दर वर्षी, डबा भरून."

"तुले? मले काहून नाही?"

"तूच बोलला होता ना चारचौघांत, बायकांच्या मसाल्याले हात लावत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, नाही तर नाही. भाऊजी, तुमी घ्या."

"म्हंजे ती सोताचाच मसाला वाखाणत होती?"

"हो. अन् तुयं तोंड पाहून मग घरी जाऊन हासत होत्या, मले सांगत."

"माया घरात हासे अन् सांगे तुले?"

"बाबा, लोक बसले हायेत," लेक म्हणाली.

"बसू दे. डबा आण माया बायकोचा."

"मले देल्ला वहिनीनं. नाही देत, जा."

लेकीनं मधे पडून दोघांना दोन खोल्यांत बसवलं. भरल्या सुतकात.

सकाळी मी त्याच्या दारात गेलो. डबा त्यानं आधीच ओट्यावर काढून ठेवला होता. झाकण उघडलं तर तळाशी मूठभर मसाला. वास आला अन् मला तिथंच पायरीवर बसावं लागलं.

"अर्धा तरी ठेव, गड्या," तो म्हणाला.

"नाही."

डबा पिशवीत घातला, पिशवी हँडलला अडकवली अन् गाडी एकेक खड्डा चुकवत, हळू घरी आणली.