भंडारा लावायचा राहिला हुता

बाळंतपणानंतर माझ्या ओठाच्या कडंला आन् दोन्ही हातांवर पांढरं डाग आलं. निपाणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे कुणाला लागत न्हाय, बाळाला अंगावर पाज. पर मनाला पटंना, भ्याच लई. बाळीला माझं लागंल म्हणून मुकं घ्यायचं सोडलं, दूध पिळून वाटीचमच्यानं पाजायची, रडली की सासूच्या मांडीवर द्यायची. असलं कातडं घेऊन मी जगू कशाला, असं रोज मनात यायचं.

सासूनं, मी तिला आत्ती म्हणते, यल्लम्माला नवस बोलून घेतला, सून मंगळवारी पाच घरी जोगवा मागंल. मी म्हणलं, "आत्ती, ह्या तोंडानं?"

"मग काय शेजारणीचं मागून आणू? परडी घे आन् चल गं."

चार घरी पदर तोंडावर ओढून उभी ऱ्हायले, परडीत पीठ पडलं की पळाले. पाचवं घर कानडी आज्जीचं, वळख ना पाळख. पीठ घातलं, मी वळले, तर म्हणाली, "एवढी घाई? भंडारा कोण लावणार, तुझा नवरा?" परडी घेणारीनं दारातल्या माणसाच्या कपाळाला हळद लावायची असती. मी भ्यानं कुठंच लावली न्हवती. हात फुडं केलं, म्हणलं, "आज्जी, हात बघा की माझं."

"बघितलं. लाव."

मग आतनं दुपट्यातलं नातवंड आणलं, "ह्याला बी," म्हणाली आन् वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतलं. तर हसली, "यल्लम्मा आईच्या पाया पडले गं. आज ती तुझं हातपाय घिऊन आलीया, तू कशाला चोरतीस?"

आज्जीला भंडारा लावला, मग लेकराच्या कपाळाकडं बोट नेलं. लेकरानं ते बोटच धरलं, आन् मला उभ्या उभ्या रडू फुटलं.

परत चारी घरी जाऊन भंडारा लावला. मग घरी येऊन बाळीला पदराखाली घेतली. वाटीची सवय, आधी तोंड फिरवलं तिनं, मग लागली प्यायला. आत्ती म्हणाली, "झाली बाई माझी मांडी मोकळी," आन् लगीच डोळं पुसलं.

डाग हायतच, जरा वाढलंत बी. पर ते घालव म्हणून मी आता आईला सांगत न्हाय. त्या दारी मला कुणी नेलं ते बी विचारत न्हाय, हात जोडते. हे अंग तिला चालतंय, माझ्या बाळीला चालतंय. मला बी चालू दे, एवढंच मागते, आन् भ्या वाटलं की तिच्यावर सोडून बाळीचा मुका घेते.